झोपेत ठोके अचानक का उसळतात? फिटनेस घड्याळाच्या रात्रीच्या आकड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी चहाच्या आधी फोन उघडायचा, रात्रीचा आलेख बघायचा आणि २ वाजून १७ मिनिटांनी १३४ हा आकडा पाहून हबकायचं. असे पेशंट आता माझ्या ओपीडीत नेमाने येतात. खालचे प्रश्न त्यांचेच आहेत, मी फक्त भाषा थोडी आवरली आहे. मी फिजिशियन आहे. हृदयरोगतज्ज्ञांकडे कोणाला पाठवायचं आणि कोणाला घरी जाऊन निवांत झोपायला सांगायचं, हे ठरवणं माझं रोजचं काम. ते ठरवताना मी सर्वांत मोठ्या आकड्याकडे फारसं बघत नाही. आकडा कसा चढला, किती वेळ टिकला आणि कसा उतरला, हे बघतो.

रात्री १३४ ठोके दाखवले. हार्ट अटॅक येऊन गेला का?

नुसत्या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी तुंबणं. त्या वेळी ठोके १३० असू शकतात, ८० असू शकतात आणि ५० सुद्धा असू शकतात. मनगटावरचं कोणतंही घड्याळ तुंबलेली नळी ओळखत नाही, अगदी ईसीजी काढणारं घड्याळही नाही. कंपन्या माहितीपत्रकात हे लिहितात, पण ते पान कोणी उघडत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात उतरणारं दुखणं, एकाएकी दम लागणं, भोवळ येऊन पडणं, तोंड वाकडं होणं, अर्धं अंग लुळं पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही असेल तर घड्याळ ७२ दाखवत असलं तरी १०८ ला फोन करा. बाकीचं पान नंतर वाचा.

घड्याळ नेमकं काय मोजतं?

प्रकाश. घड्याळाच्या पाठीवर हिरवे दिवे लुकलुकत असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो पुन्हा वाढतो. ही कमीजास्त टिपून सॉफ्टवेअर ठोक्यांचा अंदाज बांधतं. या तंत्राला फोटोप्लेथिस्मोग्राफी म्हणतात, आम्ही पीपीजी म्हणून मोकळे होतो. तंत्र १९३० च्या दशकातलं आहे. कोविडच्या काळात घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटरही याच जातीचा, फक्त त्यात प्रकाश बोटातून आरपार जातो, त्यामुळे सिग्नल बरा मिळतो.

ईसीजी हृदयातली वीज मोजतो. पीपीजी मनगटापर्यंत पोचलेली रक्ताची लाट बघतो. हृदयात वेळेआधी पडलेला अशक्त ठोका ईसीजीत स्पष्ट दिसतो, मनगटापर्यंत मात्र कधीकधी पोचतच नाही.

अजून एक गोष्ट, जी जवळजवळ कोणालाच माहीत नसते. बरीच घड्याळं रात्रभर सलग मोजत नाहीत. कोणी दर काही सेकंदांनी नोंद ठेवतं, कोणी मिनिटाला एकदा, तर स्वस्तातल्या बँडमध्ये सेटिंग १० किंवा ३० मिनिटांवर ठेवलेलं असतं. ॲप ते ठिपके रेघेने जोडतं. तुम्हाला दिसणारा अर्ध्या तासाचा भयंकर सुळका प्रत्यक्षात एकच ठिपका असू शकतो. आधी सेटिंगमध्ये जाऊन मोजणीचं अंतर एक मिनिटावर आणा. बॅटरी लवकर संपेल, चालेल.

उसळी खरी आहे की घड्याळाची गफलत, हे कसं ओळखायचं?

आलेख बोटाने मोठा करा आणि एकेक आकडा वाचा. ५६, ५७, ५५, ११३, ११२, ५७ अशी रांग दिसली तर ११३ वर थांबा. तो ५६ च्या जवळपास दुप्पट आहे. नाडीच्या प्रत्येक लाटेला मोठ्या उंचवट्यामागे एक छोटा उंचवटा असतो. काही वेळा सेन्सर दोन्ही वेगळे मोजतो आणि ५६ चे ११२ होतात. मधले ६५, ८०, ९५ न लागता थेट दुप्पट आणि थेट परत मूळ आकड्यावर, असं दिसलं की माझा पहिला संशय घड्याळावर जातो.

दुसरा संशय पट्ट्यावर. झोपताना पट्टा सैल करायची सवय बहुतेकांना असते. सैल घड्याळ सरकतं, फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो आणि सेन्सर हाताची हालचाल ठोके म्हणून मोजू लागतो. कुशीवर झोपून हात अंगाखाली दाबला गेला तरी रक्तप्रवाह अडतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि सिग्नल इतका क्षीण होतो की सॉफ्टवेअर मिळेल त्या लुकलुकीला ठोका समजतं. २०१९ मध्ये चीनमधल्या लोकांनी टॉयलेट पेपरच्या रोलला फिटनेस बँड बांधले आणि बँडनी त्याचे ठोके बिनदिक्कत दाखवले, त्याची तेव्हा बरीच चर्चा झाली. घरात गंमत करायची असेल तर गुंडाळलेल्या नॅपकिनला बांधून बघा.

खरी उसळी सहसा पायऱ्यापायऱ्यांनी चढते आणि त्याहून सावकाश उतरते. ५८, ६४, ७३, ८८, ९१, ८४, ७६, ७०, ६५. हृदयाला उतरायला वेळ लागतो. याला एक मोठा अपवाद आहे, तो पुढे येईल.

आणि सर्वांत साधी तपासणी म्हणजे जाग आलीच आहे तर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवून ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. अंधारात जमत नसेल तर कपाटातला तो ऑक्सिमीटर काढा. बोट ६४ म्हणतंय आणि घड्याळ १२८, तर विषय तिथेच संपला.

आकडा खरा निघाला. पण मी तर झोपेत होतो, काहीच करत नव्हतो. मग ठोके का वाढले?

झोप म्हणजे शरीर बंद, असा समज आहे. तसं नाही. रात्रभरात साधारण ९० मिनिटांचे चार-पाच फेरे होतात. गाढ झोपेत ठोके खाली जातात आणि संथ, एकसारखे राहतात. मग येते रेम झोप, बहुतेक ठळक स्वप्नं इथेच पडतात. तीत डोळे पापण्यांखाली फिरतात, श्वास कमीजास्त होतो, ठोके वर-खाली उड्या मारतात, आणि हातापायांचे स्नायू मात्र जवळजवळ लुळे असतात. म्हणजे घड्याळातला हालचालीचा सेन्सर म्हणतो "निपचित", आणि त्याच वेळी ठोके २०-२५ ने वर. ज्याला लोक "कारण नसताना उसळी" म्हणतात त्यातला मोठा वाटा हाच आहे. पहिली रेम काही मिनिटांची असते, पहाटेकडची अर्ध्या तासापर्यंत लांबते. त्यामुळे रात्रीच्या उत्तरार्धात आलेख जास्त खडबडीत दिसणं हे निरोगी झोपेचंच लक्षण आहे.

शिवाय प्रत्येक जण रात्रीतून कित्येकदा काही सेकंद अर्धवट जागा होतो. कूस बदलतो, पांघरूण ओढतो, शेजारच्याची लाथ खातो. सकाळी यातलं काही आठवत नाही. अशा प्रत्येक वेळी ठोके क्षणभर १०-२० ने वाढतात. लघवीला उठलात तर अंथरुणातून उभं राहण्यानेच आकडा ९०-१०० च्या घरात जातो, वय आणि तब्येत यांप्रमाणे.

घड्याळ "गाढ झोप", "रेम" असे रंगीत पट्टे दाखवतं, त्यावर फार विसंबू नका. मेंदूच्या लहरी मोजल्याशिवाय झोपेची अवस्था खात्रीने कळत नाही. घड्याळ ती हालचाल आणि ठोके यांवरून ताडतं.

रोज पहाटे चार-पाचच्या सुमारासच आकडा वाढतो. काही खास कारण?

उठण्याच्या आधी शरीर तयारी करतं. कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं, रक्तदाब आणि ठोके हळूहळू चढतात. त्यातच रेमचा लांब फेरा आलेला असतो. हळू चढण असेल तर ठीक आहे.

खाण्यापिण्याचा किती संबंध?

खूप. माझ्याकडे येणाऱ्यांच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर ताटात असतं.

उशिरा आणि जड जेवलं की पचनासाठी रक्त पोटाकडे जातं, अंगाचं तापमान थोडं वाढतं, आडवं झाल्यावर आम्ल वर येतं, आणि पहिले तीन-चार तास ठोके रोजच्या पातळीला उतरत नाहीत. संकष्टीचा आलेख मला न सांगता ओळखता येतो. दिवसभर उपास, पाणी कमी, चहा मात्र चार-पाच वेळा, आणि चंद्रोदय झाल्यावर नऊ-साडेनऊला भरपेट जेवण. ती एक रात्र बाकीच्या महिन्यापेक्षा वर तरंगते. उपास सोडा असं मी म्हणत नाही. पाणी पीत राहा आणि रात्रीचा एक मोदक कमी करा.

चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातचा कडक चहा मध्यरात्रीपर्यंत अर्धा अंगातच असतो. जिमला जाणाऱ्या मुलांच्या प्री-वर्कआउट पावडरीत कॅफीन भरपूर असतं, डब्यावरची बारीक अक्षरं वाचा.

दारूने झोप लागते, म्हणून ती झोपेला चांगली, हा गैरसमज आलेख एका रात्रीत मोडतो. पूर्वरात्रभर ठोके चढलेले राहतात, आणि दारू उतरू लागली की झोप तुटते. एकाच बैठकीत खूप प्यायल्यावर हृदयाची लयही बिघडू शकते. सुट्ट्यांनंतर असे रुग्ण वाढतात म्हणून १९७८ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी त्याला हॉलिडे हार्ट असं नाव दिलं.

तंबाखूबद्दल विचारलं की "नाही" असं उत्तर मिळतं. मग मी मिश्रीबद्दल विचारतो. "ती तर दात घासायला लावते." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. झोपताना हिरड्यांना मिश्री किंवा गालात तंबाखूची चिमट असेल तर निकोटीन रात्रभर ठोके वाढवत राहणार.

आणि उकाडा. मे महिन्यात रात्री वीज गेली, पंखा थांबला, की त्वचेकडे जास्त रक्त पाठवायला हृदय वेग घेतं. काहींच्या आलेखावरून लोडशेडिंगची वेळ सांगता येते.

ताप नाही, तरी दोन रात्री सरासरीच वर आहे.

एखादा सुळका नसून सगळा आलेखच उचलला गेला असेल तर संसर्गाची चाहूल असू शकते. अंगाचं तापमान एक अंश सेल्सियसने वाढलं की ठोके साधारण ८ ते १० ने वाढतात, आणि ही वाढ कधीकधी ताप जाणवण्याच्या आधी दिसते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मायकेल स्नायडर यांना स्वतःच्या अंगावरच्या उपकरणांत वाढलेले ठोके आणि घसरलेला ऑक्सिजन दिसला, आणि पुढे त्यांना लाइम हा गोचिडीमुळे होणारा आजार निघाला. त्यांच्या गटाने हे २०१७ मध्ये प्रसिद्ध केलं.

व्यायाम अचानक वाढवला, पाणी कमी प्यायलं, झोप सलग अपुरी झाली तरी असंच दिसतं. स्त्रियांमध्ये पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत सरासरी २-४ ने वर जाते आणि पाळी आली की उतरते. गरोदरपणात १० ते २० ने वाढ होते, ती अपेक्षितच आहे.

औषधांमुळे होऊ शकतं का?

हो, आणि हे विचारायचं डॉक्टरही विसरतात. दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप, डेरिफायलिनच्या गोळ्या, सर्दीच्या गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रीन, गरजेपेक्षा जास्त झालेला थायरॉक्सिनचा, म्हणजे थायरॉइडच्या गोळीचा डोस. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली सर्दीची गोळी अनेकांना औषध वाटतच नाही, म्हणून ती मुद्दाम आठवा. दुसरं, बीटा ब्लॉकर गटातली बीपीची गोळी (मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल वगैरे) गावाला जाताना घरी विसरली आणि दोन दिवस चुकली तर ठोके उसळतात. अशी गोळी मनाने कधी एकदम बंद करू नका.

नवरा घोरतो. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

या पानावरचा एकच प्रश्न नीट वाचायचा असेल तर हा वाचा.

काही जणांचा घसा झोपेत सैल पडून श्वासमार्ग बंद होतो. घोरणं मोठ्याने चालू असतं, एकदम शांतता पसरते, १०, २०, कधी ४० सेकंद. मग धाप लागल्यासारखा आवाज करत श्वास परत सुरू होतो. शेजारी झोपणाऱ्या बायकोला हे पाठ असतं, त्याला स्वतःला पत्ता नसतो. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. श्वास थांबलेला असताना ठोके मंदावतात आणि श्वास सुटला की एकदम उसळतात. असं तासाला ३०-४० वेळा झालं तर आलेखावर करवतीचे दात उमटतात. खाली, वर, खाली, वर, तास दोन तास. झोपेचे संशोधक गिलमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हीच चढउतार २४ तासांच्या ईसीजीत दाखवून ॲप्निया ओळखायला वापरली होती. मोजणीचं अंतर दहा मिनिटं असेल तर मात्र हे दात दिसणार नाहीत, फक्त विस्कटलेले ठिपके दिसतील.

सोबत दिवसा पेंग येणं, सकाळी डोकं जड असणं, दोन-तीन गोळ्या घेऊनही न आटोपणारं बीपी, रात्री वारंवार लघवीला उठणं, जाड मान (४० सेंटिमीटरच्या वर) असं काही असेल तर स्लीप स्टडी करून घ्या. आता ती घरीही होते. बोटाला, छातीला आणि नाकाशी सेन्सर लावून झोपायचं. तासाला ५ पेक्षा कमी अडथळे म्हणजे ठीक, १५ पासून मध्यम, ३० पासून तीव्र. उपाय आहे. वजन, झोपण्याची कूस, दारू बंद, आणि अनेकांना सीपॅप नावाचं हवेचं मशीन. मास्क बघून लोक आधी नाक मुरडतात. पण काही रात्री नीट झोपल्यावर तेच मशीन गावाला जाताना बॅगेत आधी भरतात.

बाई बारीक आहे, घोरत नाही, म्हणून ॲप्निया नसेलच असं नाही. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांमध्ये प्रमाण वाढतं आणि त्या फक्त "झोप लागत नाही, थकवा आहे" एवढंच सांगतात.

मध्यरात्री दचकून जाग येते, छाती धडधडते, घाम फुटतो. घड्याळही १४० दाखवतं. हे काय?

इथे तीन-चार वेगळ्या गोष्टी सारख्याच दिसतात.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशी गोळी चालू असेल तर पहिला विचार साखर उतरल्याचा. ग्लुकोमीटर उशाशी ठेवा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. मशीन नसेल तर न तपासता साखर घ्या. त्या क्षणी साखर थोडी वाढल्याने काही बिघडत नाही, उतरलेली तशीच राहिली तर बिघडतं. सकाळी डॉक्टरांना कळवा, डोस बदलावा लागेल.

वाईट स्वप्नाने जाग आली तर ते बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात, आणि स्वप्न आठवतं. पॅनिक अटॅकमध्ये स्वप्न नसतं. झोप लागल्यावर पहिल्या काही तासांतच माणूस "आता मरतोय" अशा भीतीने उठतो, हातपाय मुंग्यांनी भरतात आणि भीती दहा-एक मिनिटांत शिगेला पोचून उतरते. हा खराखुरा आजार आहे, त्यावर औषध आणि समुपदेशन दोन्ही लागू पडतात. "उगाच घाबरतोस" हे वाक्य त्यावर लागू पडत नाही.

आता वर म्हटलेला अपवाद. एसव्हीटी नावाच्या दोषात हृदयात विजेचा आडमार्ग असतो आणि ठोके एका क्षणात ७० वरून १७०-१८० वर जातात, तिथे जवळजवळ सपाट राहतात आणि तसेच एका क्षणात परत येतात. उभी चढण, सपाट माथा, उभा उतार. घड्याळाच्या दुप्पट मोजण्याशी याची गल्लत होऊ शकते, पण फरक सापडतो. इथे माणसाला धडधड जाणवते, बोटाने मोजली तरी नाडी तितकीच वेगवान लागते, आणि आकडा मूळ ठोक्यांच्या नेमका दुप्पट नसतो. बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं "टेन्शन" म्हणून गोळ्या मिळत राहतात, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं थांबलेलं असतं. अशांना घड्याळाचा खरा उपयोग होतो. एसव्हीटीवर ॲब्लेशन, म्हणजे तो आडमार्ग जाळून बंद करणं, हा कायमचा इलाज आहे. तोवर श्वास रोखून जोर लावायची एक पद्धत डॉक्टरांसमोर शिकून घ्या. मानेवरची नस स्वतः दाबत बसू नका.

"अनियमित ठोके" अशी सूचना आली. किती गंभीर?

ही सूचना एट्रियल फिब्रिलेशनसाठी असते. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, ठोक्यांमधलं अंतर कसंही बदलतं आणि आत गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याचा धोका असतो. म्हणून सूचना आली तर दुर्लक्ष नको.

पण आकडे ऐका. ॲपलच्या घड्याळावर स्टॅनफर्डने केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४,१९,२९७ लोक होते. सूचना आली फक्त ०.५२ टक्के लोकांना. त्यांना नंतर छातीवर ईसीजीचा पॅच लावला, आणि ज्यांचे पॅच परत आले त्यांतल्या ३४ टक्के लोकांतच एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. बाकीचे सगळे खोटे इशारे होते असं मात्र नाही. हा दोष येतो-जातो, आणि पॅच सूचनेनंतर काही दिवसांनी लागला होता. पॅच अंगावर असतानाच सूचना आली तेव्हा ती ८४ टक्के वेळा खरी ठरली. फिटबिटच्या ४,५५,६९९ लोकांच्या अभ्यासात हाच आकडा ९८ टक्के होता.

थोडक्यात, सूचना आली तर आठवड्याभरात ईसीजी काढा. चक्कर, दम, छातीत दुखणं सोबत असेल तर लगेच. आणि सूचना आली नाही म्हणजे हृदयाला क्लीन चिट मिळाली असं समजू नका. घड्याळ स्थिर हातावर, अधूनमधूनच तपासतं.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं आणि काय न्यायचं?

ताप नसताना, स्वस्थ पडून, १२० च्या वर दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ आणि पुन्हा पुन्हा जात असेल तर जा. रात्रीची सरासरी आठवडाभर दहाच्या आसपास वर असून कारण सापडत नसेल तर जा. करवतीचा आलेख आणि घोरणं, उभ्या चढणीचा आलेख आणि धडधड, अनियमिततेची सूचना, किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक गेलेलं असेल, तरी जा. एकाच रात्रीतला एकच सुळका, जाणवलं काहीच नाही, दिवसा जिना चढताना त्रास नाही, तर पट्टा घट्ट करा आणि अजून आठवडाभर बघा.

येताना आठवड्याची सरासरी आणू नका, तिच्यात सगळं पुसलं जातं. दोन-तीन रात्रींचे पूर्ण आलेख आणा, आणि त्या प्रत्येक रात्रीखाली जेवण किती वाजता, काय प्यायलं, कोणती गोळी, जाग आली का, बोटाने मोजले तर किती, एवढं लिहा. घड्याळात ईसीजी असेल तर धडधड चालू असतानाच ३० सेकंदांची पट्टी काढा. त्याची पीडीएफ मला शंभर आलेखांपेक्षा उपयोगी पडते.

ईसीजी नॉर्मल आला. मग विषय संपला ना?

दवाखान्यातला ईसीजी दहा-बारा सेकंदांचा असतो. रात्री अडीचला येणारी गोष्ट दुपारी बाराला सापडेलच असं नाही. त्यासाठी होल्टर लावतात, म्हणजे छातीला तारा आणि कमरेला छोटं यंत्र, २४ किंवा ४८ तास. क्वचितच होणाऱ्या त्रासासाठी आठवडा-दोन आठवड्यांचे पॅचही मिळतात. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकात पहिलं यंत्र केलं तेव्हा ते पाठीवर बांधायचं आणि वजन सुमारे ३८ किलो होतं. आताचं यंत्र शर्टाखाली दिसतही नाही, तरी ते रात्री काढून ठेवणारे महाभाग भेटतात.

रक्ताच्या कोणत्या तपासण्या?

हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, आणि गरजेप्रमाणे सोडियम-पोटॅशियम. हिमोग्लोबिन सर्वांत आधी, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन कमी असलं की हृदय वेगाने पळून भरपाई करतं.

थायरॉइडबद्दल एक जुनी खूण सांगतो. काळजीने वाढलेले ठोके झोपेत उतरतात, थायरॉइड जास्त झाल्यामुळे वाढलेले झोपेतही वरच राहतात. पूर्वी वॉर्डातल्या सिस्टर यासाठी झोपलेल्या पेशंटची नाडी हलकेच मोजायच्या. हे काम आता घड्याळ करतं. रात्रभर ९० च्या खाली येतच नसेल, वजन उतरत असेल, हात थरथरत असतील, तर टीएसएच आजच करा.

मुलगा अमेरिकेत आहे. बाबांचे आकडे त्याला तिथे दिसतात आणि तो मध्यरात्री फोन करतो.

त्याची दुपार म्हणजे इथली मध्यरात्र. फोन वाजला की बाबा दचकून उठतात, ठोके ११० होतात, तिकडे आणखी एक लाल खूण दिसते. त्याला इशाऱ्याची मर्यादा १०० वरून १२० वर न्यायला सांगा, आणि एक आकडा बघून फोन करायचा नाही हे दोघांत ठरवा. बाबा पडले तर कळवणारी सोय मात्र चालू ठेवा, ती कामाची आहे.

आता आलेख बघितल्याशिवाय चैन पडत नाही. झोपही उडाली आहे.

२०१७ मध्ये अमेरिकन संशोधकांनी अशा रुग्णांबद्दल लिहिलं आणि या प्रकाराला ऑर्थोसोम्निया हे नाव दिलं. स्लीप ट्रॅकरवर आदर्श झोप दिसावी या ध्यासानेच झोप बिघडते. तपासण्या झाल्या असतील आणि काही निघालं नसेल तर दोन आठवडे घड्याळ रात्री कपाटात ठेवा. कपाटात, उशाशी नाही.

काही फुटकळ प्रश्न

घड्याळ कोणत्या हातात? कोणत्याही, पण ज्या कुशीवर झोपता तो हात टाळा. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण वळ न उठेल इतकं.

रात्री लाल दिवा का लागतो? ऑक्सिजन मोजायला. बिघाड नाही.

सावळ्या रंगामुळे चुकीचे आकडे येतात का? २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठाने सहा उपकरणं तपासली. ठोक्यांच्या बाबतीत त्वचेच्या रंगाने लक्षणीय फरक आढळला नाही, हालचालीने मात्र चूक ३० टक्क्यांनी वाढली. गोंदण अगदी सेन्सरखाली असेल तर हात बदला.

झोपेत ४४ पर्यंत उतरतात, हे वाईट का? नियमित पळणाऱ्या, पोहणाऱ्या माणसात नाही. चक्कर येत असेल, किंवा ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर दाखवा.

सेन्सर किती वेळा पुसायचा? घामाच्या दिवसांत रोज, ओल्या फडक्याने. तेल लावून अंघोळ केल्यावर तर नक्कीच.